उत्तर: दहा महिन्यांच्या बाळाला १०१ ताप, झोपेतून उठवून औषध द्यावं का?

शांत झोपलं असेल तर उठवू नका. औषध आकडा उतरवायला नसतं, बाळाची तगमग कमी व्हावी म्हणून असतं. आमच्या घणसोलीच्या घरी पहिल्या तापाला मी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावत बसले होते. बाळ झोपलेलं, मीच जागी!

या प्रश्नावर कुणीतरी 'पॅरासिटामॉल पाच एमएल द्या' असं लिहिलंय, ते मात्र धोक्याचं आहे. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिग्रॅ असतं, दुसऱ्यात २५०, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिग्रॅ. म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२०. तेच पाच मिली ड्रॉप्सचे गेले तर थेट ५००! बाटलीवरचं वाचा, मोजायला चमचा नको, सिरिंज घ्या. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारच्या वर नाही.

आजेसासूबाई गोधडीत गुंडाळायच्या, मी हळूच काढायचे. पातळ सुती कपडे पुरेत. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, हुडहुडी भरते. अंगावर पीत असेल तर वरचेवर पाजा.

पावसाळ्यात इकडे डेंग्यूची शंका असतेच, त्यामुळे आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ही तापाची दुसरी औषधं मनाने देऊ नका. सहा-आठ तास शू नाही, बाळ मलूल, श्वास जोरात, झटका आला तर रात्र असली तरी निघा. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लाच डॉक्टर गाठायचे.