मदत हवी आहे: तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) ९५, तेल टाकूनही वाढत नाही. फुल इंजिन करायचं की नुसतं हेड (वरचा वॉल्व्हचा भाग)?

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ची, १२०० सीसी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग, रनिंग २,१८,०००. सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि तेव्हापासून जवळपास सगळं रनिंग गॅसवरच झालंय. गाडी वडिलांची आहे. वय ७१, पण आठवड्यातून दोनदा गारगोटीला शेताकडे स्वतः चालवत जातात.

दोन महिन्यांपासून आयडलला गाडी थरथरते, स्टिअरिंगवर हात ठेवला तरी कळतं. रेस दिली की थरथर बरीच कमी होते. वाघबीळचा चढ पूर्वी तिसऱ्या गिअरवर निघायचा, आता दुसऱ्यावरही दम लागतो. स्कॅनरवर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग. प्लग बदलले. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावून बघितली, तरी कोड तिसऱ्याचाच. पेट्रोलवर चालवली तरी तेच, म्हणजे गॅसच्या इंजेक्टरचाही दोष नाही.

नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दहा मिनिटं आवाज ऐकला, ऑइलचं झाकण काढून हात धरला आणि म्हणाले, "कॉम्प्रेशन गेलंय. रनिंग बघा की किती झालंय. फुल इंजिन करावं लागणार." खर्च ५५,००० सांगितला. माणूस ओळखीचा, वडील वीस वर्षं त्यांच्याकडेच जातात. पण गेज न लावता एवढा मोठा निकाल दिला, हे माझ्या मनाला पटलं नाही.

म्हणून रविवारी दारातच टेस्ट केली. गाडी आधी पूर्ण गरम केली. गॅसच्या टाकीचा वॉल्व्ह बंद केला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवले, चारही प्लग काढले. धाकट्या भावाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला बसवलं. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवली होती. गेज आट्याचं आहे, दाबून धरायचं रबराचं नव्हे.

पहिला १६५, दुसरा १६०, तिसरा ९५, चौथा १६२ पीएसआय. बाकी तिघांत पहिल्या दणक्यालाच काटा शंभरच्या जवळ जायचा आणि चार-पाच दणक्यांत वर पोचायचा. तिसऱ्यात पहिल्यांदा जेमतेम ४५, मग चढत चढत ९५ला अडकला. दोनदा घेतलं, आकडा तोच.

मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घेतलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर तेलाने फट भरून आकडा चांगलाच वाढतो, हे मला माहीत होतं. आला १०० फक्त.

बाकीचं सांगतो. निळा धूर नाही. तीन हजार किलोमीटरला ऑइल फार तर पाव लिटर कमी होतं. कूलंट जागचं हलत नाही, ऑइलमध्ये पांढरट साय नाही. ऑइलच्या झाकणातून थोडी वाफ येते, पण एवढ्या रनिंगला तेवढी येणारच असं मला वाटतं.

माझा प्रश्न एवढाच. तेलाने आकडा वाढला नाही, म्हणजे रिंगा निर्दोष धरायच्या का? आणि तसं असेल तर खालचं इंजिन न खोलता भागेल का? आरसीची १५ वर्षं संपत आलीत, पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यूअल करायचं आहे. त्याआधी गाडी नीट करून वडिलांच्या हातात द्यायची आहे. पैसे लागले तर घालू, पण योग्य ठिकाणी घालायचे आहेत.

प्रतिसाद

१६५ आणि ९५ म्हणजे निम्म्याच्या थोडं वर. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊण पट तरी असावा लागतो. तुमच्या हिशेबाने १२४च्या खाली गेला की दोष पक्का. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असते तर मी हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) म्हटलं असतं. चारही पडले असते तर टायमिंग चेन बघा म्हटलं असतं. एकच पडलाय, तेल टाकून हलला नाही, धूर नाही. वॉल्व्हच.

प्रतिसाद

१५ वर्षांची गाडी, त्यात सीएनजी. आता जेवढे येतील तेवढ्यात देऊन टाका. ५५ हजारांत दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट होतं.

प्रतिसाद

मी उद्यमनगरात तीस वर्षं हेडची कामं केली, आता हात थांबवलाय. तुमची टेस्ट व्यवस्थित आहे, तिच्यावर विश्वास ठेवा.

गॅसची गाडी म्हटल्यावर माझा हात आधी टॅपेटवर जातो. गॅस कोरडा असतो. एक्झॉस्ट वॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) आणि तो टेकतो ती सीट जास्त तापतात, सीट झिजते आणि वॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो. तो वर सरकला की टॅपेटचं अंतर, म्हणजे टॅपेट आणि वॉल्व्हमधली बारीक फट, खाल्लं जातं. अंतर शून्य झालं की वॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. वॉल्व्हची उष्णता बाहेर जायची मुख्य वाट म्हणजे सीट. टेकलाच नाही तर ती जाणार कुठून? मग कडा जळते. आमच्याकडे म्हणायचे, टॅपेट वाजलेलं परवडलं, गप्प झालेलं नको. लोक मात्र गाडीचा आवाज कमी झाला म्हणून खूश असतात.

आधी थंड इंजिनावर कव्हर काढून फीलर गेजने सगळी अंतरं मोजा आणि लिहून काढा. गाडी चालू असताना सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. मधूनच आत ओढली गेली तर एक्झॉस्ट वॉल्व्हचा संशय धरायचा. मिसिंगमुळेही तसं होऊ शकतं, त्यामुळे हा पुरावा नाही, नुसता इशारा. पुरावा हवा तर तिसरा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला पूर्ण वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडा. क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने धरून ठेवा, नाहीतर इंजिन फिरेल. मग नुसतं ऐका. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलकडून आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

धागाकर्ता

काका, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं.

तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सर्वांत बारीक पातंसुद्धा शिरलं नाही. पहिल्या आणि चौथ्याचे एक्झॉस्टही मॅन्युअलमधल्या मापापेक्षा टाइट निघाले. माझ्या इंजिनाला स्क्रू-नटचे टॅपेट आहेत, त्यामुळे जागेवरच सेट करता आले. परत मोजल्यावर तिसरा ९५वरून १०४ला आला, पुढे नाही. मग मित्राच्या शिरोलीच्या शेडमध्ये कंप्रेसर लावला. मी सायलेन्सरशी कान नेला आणि आतून सरळ फुस्स ऐकू आलं. ऑइलच्या झाकणाशी किरकोळ.

गाडी विकायला सांगणाऱ्या मित्राला: मुद्दा कळतो, पण दोष माहीत असताना तो लपवून दुसऱ्याच्या गळ्यात घालणं जमणार नाही आणि सांगून विकली तर हातात काही येणार नाही.

आकड्यांचा कागद घेऊन गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मग आधी हेडच उतरवू." काल उतरलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. कडेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेलाय, भोवती पांढुरकी राख आणि तिथून दांड्याकडे गेलेली बारीक चीर. बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) होनिंगच्या, म्हणजे बनवताना घासल्याच्या, तिरक्या रेघा अजून दिसतात, नख लावलं तर कुठे अडकत नाही. म्हणजे रिंगा-पिस्टनला हात लावायची गरज नाही, असं गॅरेजवालेही आता म्हणतात.

शेवटचं विचारतो. तिसऱ्याचा एकच वॉल्व्ह बदलू की सगळे एक्झॉस्ट बदलू? बाकीचे दिसायला बरे आहेत.

प्रतिसाद

सगळे एक्झॉस्ट बदला. दोन आधीच टाइट निघालेत आणि हेड परत उतरवायची मजुरी वॉल्व्हपेक्षा जास्त जाते. गॅसवरच चालवणार असाल तर सीटा नुसत्या कापून घेऊ नका, एक्झॉस्टच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्या. गाइडमध्ये, म्हणजे वॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत, वॉल्व्ह हलतो का तेही बघायला सांगा. गाइड ढिलं असेल तर नवा वॉल्व्हही सीटवर तिरका बसतो. हेडचं फेसिंग (खालची बाजू सपाट आहे का) तपासल्याशिवाय गॅस्केट बसवू देऊ नका. काम झाल्यावर हजार किलोमीटरला एकदा आणि पुढे दर दहा हजारांना टॅपेट मोजा. पुढच्या रविवारी चारही आकडे इथे टाका, मी वाट बघतो.