मार्चिंग बँडवाल्यांना हसणं थांबवा (चर्चा)

तालमापक
मार्चिंग बँड मैदानात आला की टोपीवरच्या तुऱ्याला आणि फुगलेल्या गालांना हसणारे हमखास भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. नेहमीचं पाऊल साडेबावीस इंचांचं असतं, म्हणजे ५ यार्डांत नेमकी ८ पावलं. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत हा वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास जातो, आणि तो वाजवता वाजवता सांभाळायचा. पुढे जाताना आधी टाच टेकवून पाऊल सावकाश चवड्यावर आणायचं. टाच आपटली की हादरा ओठांपर्यंत पोचतो आणि लांब धरलेला सूर थरथरतो. मागे चालायचं ते चवड्यांवर, मान न वळवता. पितळी सूझाफोन (अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं मोठं वाद्य) असेल तर वर खांद्यावर १२ ते १५ किलो. स्वरलिपी बहुतेकदा पाठ, आणि मैदानावर उभ्या केलेल्या प्रत्येक आकृतीतली स्वतःची जागाही पाठ.

शेवटची_रांग
असहमत. कष्ट घेतले म्हणून वाद्यवृंद चांगला ठरत नाही. रांग वाकडी झाली, पुढचे आणि मागचे वेगवेगळे वाजले, तर प्रेक्षक बोलणारच. लोकांसमोर सादर करायचं आणि नावं ठेवू नका म्हणायचं, हे चालणार नाही.

तालमापक
नावं ठेवा, पण वाजवण्याला ठेवा. पुढचे-मागचे वेगळे का वाजतात तेवढं बघा. पुढच्या-मागच्यांत ४५ मीटर अंतर असेल तर ते कापायला आवाजाला साधारण ०.१३ सेकंद लागतात. १६० च्या लयीत एक ठोका ०.३७५ सेकंदांचा, म्हणजे तिसरा हिस्सा ठोका वाटेतच गेला. म्हणून सगळ्यात मागचे (बहुधा ढोलताशे) ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून हाताने ताल दाखवणाऱ्याच्या) हाताकडे बघून वाजवतात आणि पुढचे मागून आलेल्या आवाजात आपला आवाज मिसळतात. मागच्याने पुढच्याचं ऐकून ताल धरला की उशीर दुप्पट होतो आणि प्रेक्षकांना ताल फाटलेला ऐकू येतो. स्वतःच्या कानांवर विश्वास न ठेवता वाजवायला शिकणं फार अवघड आहे हो.

रीड_नंबर_तीन
हवामानाचंही धरा. थंडीत वाद्याचा सूर उतरतो, उन्हात चढतो. बासरी आणि ट्रम्पेट सावलीत जुळवून उन्हात नेले की पुन्हा जुळवावे लागतात. लाकडी क्लॅरिनेटला थंडीत तडा जाऊ शकतो, म्हणून मैदानात प्लास्टिकचं वापरतात. त्याचा आवाज थोडा पातळ लागला तर तो वादकाचा दोष नाही.

शेवटची_रांग
हे सगळं मान्य. पण पोशाखाचं काय? लष्करी थाटाचा जाड कोट उन्हात घालणं हा बँडचाच निर्णय आहे. त्यावर बोललं तर वादकाचा अपमान कसा होतो?

तालमापक
कोट जाड आहे हे खरं, आणि हलकं कापड वापरायला हवं याच्याशी मी सहमत आहे. उन्हात सरावाच्या वेळी कोट उतरवून ठेवणं आणि ठरावीक वेळाने पाणी पाजणं सक्तीचंच हवं. पण तुरा शोभेपुरता नाही. शंभर डोकी एकाच ठोक्याला वळली की नाही ते लांबून तुऱ्यावरूनच कळतं. पांढरे बूटही तसेच, एक पाऊल चुकलं तरी लगेच उठून दिसतं.

शेवटची_रांग
मग तुरा ठेवा, कोट बदला. व्यवस्थापनाला मी बोलत राहणारच. वादकांच्या गालांबद्दल मात्र बोलणार नाही.

रीड_नंबर_तीन
आणखी एक. पाच बास ढोल असतील तर तालाचा एकच तुकडा पाच जणांत वाटलेला असतो, प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दुसरा ठोका. एकाचा ठोका चुकला की ओळीत भोक पडतं. पुढच्या वेळी तिथे कान द्या. टीका करायची तर तिथे करा, वादकालाही ती उपयोगी पडेल.