अढी बसली असेल तर कोणती दुआ?

कुणाच्या चुकीचा राग आला तर सब्र (संयम) मागणारी 'रब्बना अफ्रिग अलैना सब्रन' (कुरआन २:२५०) ही दुआ सुचवली जाते. ती चालेलच, पण ती जालूतच्या (बायबलमधला गोलिएथ) सैन्यासमोर उभ्या ठाकलेल्यांची दुआ आहे. मागणं रणात पाय रोवून राहण्याचं.

कुणाच्या चुकीने मनात अढी बसली असेल तर कुरआनची ५९:१० ही आयत मला जास्त नेमकी वाटते: 'व ला तजअल फी कुलूबिना गिल्लल् लिल्लजीना आमनू', म्हणजे ईमानवाल्यांबद्दल आमच्या मनात आकस ठेवू नकोस. त्याच आयतीतला आधीचा माफी मागण्याचा भाग गाळू नका. ती माफी स्वतःसाठीही आहे. ही दुआ नमाजात दरूदनंतर (पैगंबरांसाठीची प्रार्थना), सलाम फेरण्याआधी (नमाज संपवण्याआधी) मागता येते.

राग चढलेल्या क्षणी एवढं आठवत नाही. तेव्हा फक्त 'अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम', म्हणजे धिक्कारलेल्या सैतानापासून मी अल्लाहचा आश्रय मागतो. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) सांगितल्याप्रमाणे उभे असाल तर बसा, तरीही ओसरला नाही तर आडवे व्हा. चूक दाखवायची ती नंतर, एकांतात.