आईचा खुबा बदलायचाय : 'लेटेस्ट' इम्प्लांट घ्यावा का?

सायली_सांगली
नमस्कार मंडळी. आईला (वय ६३) खुब्याचं ऑपरेशन सांगितलंय. पर्याय तीन : मेटलचा बॉल आणि प्लास्टिकची वाटी, सिरॅमिकचा बॉल आणि 'क्रॉसलिंक्ड' (कमी झिजावं म्हणून प्रक्रिया केलेलं) प्लास्टिक, किंवा दोन्ही सिरॅमिक. कंपनीचा माणूस आणखी एक 'लेटेस्ट डिझाइन' सुचवून गेला, ते सगळ्यात महाग. आईच्या अटी दोनच : पुन्हा टेबलावर झोपायचं नाही, आणि पूजेला मांडी घालून बसता आलं पाहिजे. काय घेऊ?

जुना_मेकॅनिक
सायली, मी डॉक्टर नाही. पण बेअरिंगमध्ये आयुष्य गेलंय, आणि स्वतःचा डावा खुबा बदललाय. 'लेटेस्ट' ऐकलं की मी चार पावलं मागे सरतो.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलचे सर्जन जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. टेफ्लॉन गुळगुळीत खरं, पण थोड्याच वर्षांत झिजलं आणि पेशंट पुन्हा उघडावे लागले. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीन हे प्लास्टिक घेतलं, बॉल जेमतेम २२ मिमीचा. बॉल लहान, म्हणून घासण्याची वाट कमी आणि झीजही कमी. मोठा बॉल सहसा निखळत नाही, पण जुन्या प्लास्टिकला तो खायचा.

आणि खरा घात झिजेपेक्षा झिजेच्या भुकटीचा. शरीरातल्या पेशी हे कण गिळायला धावतात, त्या भानगडीत शेजारचं हाड विरघळतं आणि धडधाकट इम्प्लांट सैल होतो. क्रॉसलिंक्ड प्लास्टिक १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं, झीज खूप उतरली, म्हणून आता ३२-३६ मिमीचे बॉल बिनधास्त वापरतात.

वर्षा_कुडाळ
काका, तो एक्सेटर नावाच्या दांड्याचा (मांडीच्या हाडात बसतो तो भाग) किस्सा सांगा ना, मागे सांगितला होतात.

जुना_मेकॅनिक
हो हो. १९७० मध्ये तो चकचकीत पॉलिश केलेला होता. १९७६ च्या सुमारास फिनिश मॅट केलं, आणि दांडे सैल व्हायला लागले. दांडा हाडात पक्का धरायला जे सिमेंट भरतात, त्याला खरबरीत पृष्ठभाग कानशीसारखा घासत होता. १९८६ मध्ये पुन्हा पॉलिश. आकार जवळजवळ तोच, फरक फक्त चकाकीचा! म्हणून डिझाइन कागदावर कितीही देखणं असो, मी दहा-पंधरा वर्षांची नोंद विचारतो.

ओटी_वाली
दुजोरा. बॉल आणि वाटी दोन्ही धातूची असलेला एएसआर इम्प्लांट आठवा : वाटी उथळ, कडेवर भार यायचा, कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं. २०१० मध्ये परत मागवला, तोवर जगभरात सुमारे ९३ हजार लोकांना बसला होता. आपल्याकडेही हजारो.

डॉक्टरांना विचार, "ओडेप रेटिंग काय?" इम्प्लांट किती टिकतो याचं हे ब्रिटिश पॅनेलचं रेटिंग. '१०ए-स्टार' मधला १० म्हणजे दहा वर्षांची माहिती. दांडा आणि वाटी यांचं वेगवेगळं असतं, दोन्ही विचार. सिरॅमिक-सिरॅमिकची झीज अगदी कमी, पण काहींच्या खुब्यातून कर्र आवाज येतो. त्रेसष्टला मी सिरॅमिक बॉल आणि क्रॉसलिंक्डच म्हणेन. सिमेंट की बिनसिमेंट, ते हाडाची ताकद बघून सर्जनला ठरवू दे.

वर्षा_कुडाळ
आणि डिस्चार्ज फाइलमधल्या इम्प्लांटच्या स्टिकरचा फोटो काढून ठेव, सायली! आमच्या बाबांची वाटी चौदा वर्षांनी सैल झाली, तेव्हा जुन्या दवाखान्यात कागदच नव्हते. नव्या डॉक्टरांना एक्स-रे बघून कंपनी ओळखावी लागली.

सायली_सांगली
मंडळी, काल डॉक्टरांना विचारलं. रेटिंगचा प्रश्न ऐकून ते हसले आणि खुर्ची ओढून नीट बोलायला बसले. सिरॅमिक बॉल, क्रॉसलिंक्ड वाटी, ३२ मिमी. 'लेटेस्ट'वाल्याची नोंद जेमतेम तीन वर्षांची निघाली. मांडीचं मात्र त्यांनी सरळ सांगितलं, निदान पहिले काही महिने तरी नाही. आईने आजच बाबांना उंच चौरंग शोधायला धाडलंय.