फोन रूट करून वेगळा रॉम टाकला असेल, तर अनुभव लिहा

धागाकर्ती, नाशिक

माझा पहिला अँड्रॉइड फोन मी मराठी वाचता यावं म्हणून रूट केला, म्हणजे त्याच्या सिस्टीमच्या फाइली बदलायचा पूर्ण अधिकार मिळवला. साल २०११. फोनवर अँड्रॉइड २.३, म्हणजे जिंजरब्रेड. मराठी मजकूर उघडला की ओळीच्या ओळी चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीत एक आडबाजूची सोय होती: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचं सेटिंग चालू करायचं. मग सर्व्हरवरून अक्षरांची चित्रं यायची आणि लेख वाचता यायचे. पण एसएमएसचं काय? बाबांच्या साध्या फोनच्या बटणांवर देवनागरी होती. ते हौसेने मराठीत निरोप पाठवायचे आणि माझ्याकडे नुसते चौकोन उतरायचे. मग फोन करून विचारायचं, "बाबा, काय लिहिलंय?"

रूट केल्यावर सिस्टीमच्या फॉन्ट फोल्डरमधली 'ड्रॉइड सान्स फॉलबॅक' ही फाइल काढून तिथे देवनागरी अक्षरं असलेली फाइल ठेवली, परवानग्या ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशा) केल्या, फोन बंद करून चालू केला. अक्षरं आली! पण 'मिळाली'तली पहिली वेलांटी 'म'च्या नंतर जाऊन बसलेली, 'प्रश्न'चे तुकडे पडलेले. फॉन्ट होता, पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा त्या फोनमध्ये नव्हती. ती मिळाली २०१२ मध्ये, सायनोजेनमॉड ९ हा रॉम, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमऐवजी चालणारी दुसरी अँड्रॉइड सिस्टीम, टाकल्यावर. तो अँड्रॉइड ४.० वर बेतलेला होता, आणि कंपनीने तर माझा फोन २.३ वरच सोडला होता. त्या संध्याकाळी बाबांचा "गाडी मिळाली का?" हा निरोप मी पहिल्यांदा जसाच्या तसा वाचला.

तुम्ही कशासाठी रूट केलं, काय मिळालं, काय गेलं, ते सविस्तर लिहा. फोन बिघडला असेल तर कंपनीचं नाव नको, कोणत्या पायरीवर बिघडला ते सांगा. पुढच्याला उपयोग त्याचा होतो.

इचलकरंजी

ताई, तुमचं वाचून आईचा फोन आठवला. अँड्रॉइडचे मेनू मराठीत आले ते ५.० पासून, आणि आईचा फोन ४.४ वर अडकलेला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. कुठलं बटण कुठे आहे ते तिने जागेवरून पाठ केलं होतं. एखादं चित्र इकडचं तिकडे सरकलं की तिचा दिवस बिघडायचा.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी त्यावर सायनोजेनमॉड १२ टाकला. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्रॅम) उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं हे माहीत होतं, म्हणून भाच्याच्या बारशाचे फोटो आधी संगणकावर उतरवले. रॉम चढला, पण प्ले स्टोअर दिसेना. अर्धी रात्र त्यात गेली. कारण नंतर कळलं: २००९ मध्ये गूगलने सायनोजेनला पत्र पाठवून आपली अ‍ॅप्स रॉमसोबत द्यायला मनाई केली, तेव्हापासून 'जीअ‍ॅप्स'ची, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप्सची, झिप वेगळी चढवायची रीत पडली. तीही रॉमच्या पाठोपाठ, फोन पहिल्यांदा सुरू व्हायच्या आत. मी मध्येच फोन सुरू केला होता. परत सगळं वाइप केलं आणि ओळीने दोन्ही झिप टाकल्या.

सकाळी आईने 'संपर्क' हा शब्द मोठ्याने वाचला. मग 'सेटिंग्ज', मग 'गजर लावा'. कॅमेरा पहिल्यापेक्षा वाईट झाला, ते मी मान्य करतो. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पनवेल

माझा अनुभव सप्टेंबर २०१६ चा. जिओ नुकतं आलं होतं, सगळे सिमसाठी रांगेत. माझ्या फोरजी फोनवर नवाकोरा नूगटचा, म्हणजे अँड्रॉइड ७ चा, रॉम होता. इंटरनेट धावायचं, पण फोन लावला की लागायचा नाही. जिओला टूजी-थ्रीजी नव्हतंच, बोलणं सगळं व्होल्टीवरून, म्हणजे फोरजीच्याच जाळ्यावरून. आणि व्होल्टीचा जो भाग असतो, आयएमएस म्हणतात तो, तो चिप आणि फोन बनवणाऱ्यांचा बंदिस्त कोड. मूळ अँड्रॉइडच्या उघड्या कोडमधून बांधलेल्या रॉममध्ये तो आपोआप येत नाही. काही महिने जिओचं वेगळं कॉलिंग अ‍ॅप वापरून बोललो. आता रॉम निवडताना मी आधी 'काय चालत नाही' ही यादी वाचतो, मग बाकीचं.

लातूर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान

माझ्याकडे फोन येतात ते बिघडल्यावरच, म्हणून मी जरा दुसरी बाजू सांगतो.

कंपनीच्या नावावर चक्रं फिरत राहतात आणि फोन पुढे जात नाही, तो बूटलूप. गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, पण हा फोन मेलेला नसतो. रिकव्हरी किंवा फास्टबूट (सिस्टीमच्या आधी उघडणारे दुरुस्तीचे मेनू) उघडत असेल तर मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीची सिस्टीम, परत चढतं. खरा धोका दुसरा. एकाच नावाने विकलेल्या फोनच्या दोन आवृत्त्या असतात, आत चिप वेगवेगळी. लोक खोक्यावरचं नाव बघून फाइल उतरवतात. चुकीचा बूटलोडर चढला की स्क्रीन काळी, चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही. क्वालकॉमची चिप असेल तर संगणकावर '९००८' नावाचं पोर्ट दिसतं, तेवढाच जीव शिल्लक. मग फोन उघडून बोर्डावरचे दोन बिंदू चिमट्याने जोडायचे आणि मूळ फाइल आत ढकलायची. जमलं तर जमलं. म्हणून खोक्यावरचं नाव सोडा, फोनचं कोडनेम (त्या नेमक्या आवृत्तीचं आतलं नाव) बघा.

दुसरी गोष्ट ईएफएसची. फोनच्या मेमरीतल्या या छोट्या कप्प्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि नेटवर्कची माहिती असते. गेल्या वर्षी कॉलेजचा एक मुलगा आला. रिकव्हरीत दिसेल त्या खोक्यावर टिक करून त्याने सगळं पुसलं होतं. आयएमईआय बघायला *#०६# दाबलं तर नुसती शून्यं. सिम आहे, नेटवर्क नाही. बॅकअप नव्हता. तो म्हणाला, "दादा, कुठलाही नंबर टाकून द्या." मी नाही म्हणालो. आयएमईआयमध्ये फेरफार हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचा नंबर टाकणं मला पटतही नाही. तो फोन आता वायफायवर गाणी ऐकायला वापरतो. त्याचा उतरलेला चेहरा माझ्या लक्षात आहे. रिकव्हरी टाकल्यावर पहिलं काम ईएफएसचा बॅकअप, आणि तो फोनमध्ये न ठेवता पेनड्राइव्हवर.

केबल चांगली घ्या, बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा. बाकी हिंमत करायला हरकत नाही.

पुणे

मला दोन शब्दांतला फरक सांगावासा वाटतो, कारण मी स्वतः त्यात वर्षभर गोंधळले होते. रूट वेगळं, रॉम वेगळा. लिनिएजओएस (सायनोजेनमॉडचं काम पुढे नेणारा रॉम) रूट देत नाही, ते हवं असेल तर मॅजिस्कसारखं रूट देणारं काही वेगळं टाकावं लागतं. मला वाटलं, रूट काढलं की यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स चालतील. काही चालली, काही नाहीच. नव्या फोनमध्ये बूटलोडर उघडा आहे की बंद, याची साक्ष हार्डवेअरमधला सुरक्षित भागच देतो, आणि गूगलची प्ले इंटेग्रिटी तपासणी ती साक्ष मागू शकते. मॅजिस्कची लपवालपवी काही आठवडे टिकते, मग एक दिवस भाजीवाल्यासमोर अ‍ॅप उघडत नाही. मी आता बँकेसाठी फोन वेगळा ठेवला आहे आणि प्रयोगाचा वेगळा. दोन फोन वागवायचे म्हणजे गैरसोय आहे, पण पैशाच्या फोनशी मी खेळत नाही.

बर्लिन (मूळची सातारची)

इथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपची 'अपसायकलिंग अँड्रॉइड' नावाची मोहीम आहे. त्यांच्या एका कार्यशाळेत माझा जुना फोन घेऊन गेले. शेजारी सत्तरीच्या एक बाई टंकलेली आज्ञा पुन्हा पुन्हा तपासून मगच एंटर दाबत होत्या. माझ्या फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट कधीच बंद झाले होते, तो लिनिएजवर पुन्हा सुरू झाला. जीअ‍ॅप्स टाकलेच नाहीत, एफ-ड्रॉइड या खुल्या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅप दुकानावर काम भागतं.

मोहोळ

शेतातल्या घरी जुना फोन कॅमेरा म्हणून लावलाय, चोवीस तास चार्जरला. पहिल्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं. दुसरा रूट केला, मॅजिस्कमधून एसीसी हे चार्जिंगला मर्यादा घालणारं साधन टाकलं, चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबवलं. दोन उन्हाळे झाले, बॅटरी सपाट आहे.

डोंबिवली

धागाकर्ती ताई, डिसेंबर २०१६ च्या शेवटी सायनोजेनमॉडचे सर्व्हर बंद होणार असं कळलं, तेव्हा मी दोन रात्री जागून जमतील तेवढ्या झिप उतरवून ठेवल्या होत्या. काम पुढे लिनिएजने चालवलं, पण सगळे जुने फोन त्यांच्या यादीत आले नाहीत. माझ्या हार्डडिस्कवर ९ आणि १० चे बरेच रॉम आहेत, एमडी५ (फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) सकट. तुमचा २०११ चा फोन अजून आहे का? कोडनेम कळवा, शोधून ठेवतो.

धागाकर्ती

आहे. बॅटरी गेली आहे, पण चार्जर जोडून धरला तर रिकव्हरी उघडते. कोडनेम निरोपात पाठवते. बाबांचे तेव्हाचे निरोप त्याच फोनवर आहेत, त्यामुळे आधी त्यांचा बॅकअप घेईन. लातूरच्या दादांनी सांगितलं तसं, पेनड्राइव्हवर.