वाढदिवसाला म्हणायला आचरट गाणी सुचवा (वय वर्षे चार)

लिंबूसरबत

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आमच्या चिकूचा चौथा वाढदिवस. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बिल्डिंगमधली आणि शाळेतली पोरं, शिवाय दोन्हीकडचे आजी-आजोबा.

केक कापताना दरवेळी जे होतं ते मला नकोय. स्पीकरवर ठणाणा गाणं लावायचं, मोठ्यांनी एका हातात मोबाइल धरून पुटपुटायचं आणि पोरांनी केककडे बघत उभं राहायचं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' त्याच इंग्रजी चालीत कोंबायला गेलं, तर अक्षरं सार्वजनिक नळावरच्या बायांसारखी एकमेकींना ढकलायला लागतात.

मराठीत, आचरट, आणि पोरांना एकदा ऐकून म्हणता येईल असं काहीतरी हवंय. 'कीर्तिवंत हो' छाप नको. चार वर्षांच्या पोराला कीर्ती घेऊन काय करायचंय? सासूबाईंची अट आहे, आधी औक्षण, मग केक. चिकू पाटावर टिकत नाही, तेव्हासाठीही काही असेल तर सांगा. सध्या त्याचं दिवसभर दुकान-दुकान चालू असतं, घरातली दिसेल ती वस्तू विकायला काढतो. कुणाला त्यातून काही सुचलं तर बघा.

पेटीमास्तर

अक्षरं ढकलाढकली करतात याचं कारण सरळ आहे. त्या इंग्रजी ओळीत उच्चाराचे तुकडे सहा. तुमच्या शुभेच्छांच्या ओळीत जवळजवळ दुप्पट. त्यात ती चाल तीन-तीनच्या वजनाची, आपल्याकडे दादऱ्यात बसेल अशी. आपली बडबडगीतं बहुतेक चार-चारच्या टाळीवर चालतात. त्यामुळे चाल तीच ठेवायची असेल तर सहा तुकड्यांच्या ओळी करा:

चला केक कापू या
मेणबत्ती फुंकू या
चिकूच्या नाकावर
थोडं क्रीम लावू या

म्हणून बघा, बसतं.

दुसरं. तिसऱ्या ओळीत सूर खालच्या पंचमावरून थेट वरच्या पंचमावर उडी मारतो, पूर्ण सप्तकाची. तिथेच सगळे फुटतात. उत्साही काकू उंच पट्टीत सुरुवात करतात आणि 'चिकूच्या'ला नुसती किंकाळी उरते. सुरुवात आजोबांना करू द्या, खर्जात.

जाता जाता: ही चाल अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींची. 1893 साली छापली तेव्हा ते वाढदिवसाचं गाणं नव्हतंच, बालवाडीत सकाळी पोरांना नमस्कार करायचं गाणं होतं. वाढदिवसाच्या शब्दांवर एका मोठ्या संगीत कंपनीचा कॉपीराइटचा दावा होता, तो 2015 मध्ये तिथल्या कोर्टाने फेटाळला. पुढच्या वर्षी 1 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. तेव्हा व्हिडिओ खुशाल टाका.

बालवाडीच्या बाई

म्हणजे ते मुळात आमच्याच धंद्यातलं गाणं निघालं! माझी उभी हयात सांगलीकडे बालवाडीत गेली. वर्गात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, त्यामुळे हा विषय माझ्या हातातला.

लिंबूसरबत, पहिली गोष्ट, गाण्यात फजिती व्हायची ती मोठ्यांची. उत्सवमूर्ती कायम जिंकते. सहा-सात वर्षांच्या पोरांना एकमेकांना माकड म्हणायला फार आवडतं. चार वर्षांच्या पोराला सगळ्यांनी मिळून, गाऊन, टाळ्या वाजवत 'माकड' म्हटलं तर त्याला ते खरंच वाटतं. ओठ बाहेर येतो, हनुवटी थरथरते आणि पुढचा अर्धा तास केक-बिक सगळं राहतं बाजूला. तेव्हा पेटीमास्तरांच्या गाण्यात 'बाबांच्या नाकावर' करा. तुकडे तेवढेच भरतात, मोजलेत मी.

दुसरं, अख्खं गाणं पोरांकडून म्हणून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही विचारायचं, त्यांनी एकच शब्द ओरडायचा. पाटावर बसवल्यावर हे म्हणा. ताम्हन ओवाळणाऱ्या बाईने प्रश्न विचारायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं:

पाटावर कोण? — चिकूशेठ!
समोर काय? — खीर थेट!
चमचा कुठाय? — आजीकडे!
आजी कुठाय? — खिरीकडे!

'खिरीकडे'ला आजींनी खरोखर वाटीकडे झेप घ्यायची. नाटकी. तेवढ्यात कुंकू लावून, अक्षता टाकून, सुपारी-अंगठी ओवाळून होते आणि पोरगं जागचं हलत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष आपली खीर आजी खाते की काय तिकडे.

आता दुकानाचं:

चार वर्षांचा झाला चिकू
आता म्हणतो, आजीला विकू!
आजी म्हणते, घेणार कोण?
चिकू म्हणतो, लावतो फोन!
फोन लागला चंद्रावर
चांदोबा म्हणे, आत्ता नको, नंतर!

शेवटची ओळ मुद्दाम लांब ठेवलीय. ती गायची नाही, नाक दाबून फोनवरच्या आवाजात बोलायची. पोरं 'परत! परत!' करणार. दुसऱ्या खेपेला आजीच्या जागी काका, तिसऱ्याला वॉचमनमामा. (आधी त्यांना विचारा. बहुतेक वॉचमनमामा खूश होतात.) चांदोबाने मात्र प्रत्येकाला नकोच म्हणायचं, हे पाळा. एकदा चांदोबाने घेतलं म्हटलं की कुणीतरी रडतंच.

आणखी एक, नुसता आवाजाचा खेळ:

फुगा फुटला, कोणाचा?
ठो ठो ठो ठो, मामाचा!

मग 'काकाचा', 'बाबाचा', दम संपेपर्यंत. 'ठो'ला दोन्ही पायांनी जमीन बडवायची. खरा फुगा फोडू नका. घोळक्यात एक तरी पोर असतं ज्याला त्या आवाजाची धडकी भरते आणि ते टेबलाखालून बाहेर येत नाही. तोंडाने केलेल्या 'ठो'ला तेच पोर सगळ्यात पुढे.

स्पीकर बंद ठेवा. हे सांगायचंच राहिलं होतं. पोरांचा आवाज स्पीकरच्या वर चढत नाही, मग ती गप्प होतात.

उत्रेख्तकर

आम्ही नेदरलँड्समध्ये. इथे शाळेत वाढदिवसाच्या पोराला कागदी मुकुट घालतात, खाऊ त्याने सगळ्या वर्गाला वाटायचा. गाणं संपताना 'हिप हिप हुर्रा' आलं की सगळ्यांचे हात वर. एवढंच, पण पोरं त्या हात वर करायची वाट बघत असतात. बाई म्हणतात ते पटलं, शब्दांपेक्षा करायला काहीतरी हवं.

इथली आणखी एक गंमत म्हणजे अभिनंदन फक्त उत्सवमूर्तीचं नाही. आई, बाबा, आजी, ताई, झाडून सगळ्यांशी हात मिळवत 'अभिनंदन' म्हणायचं. पहिल्यांदा मला वाटलं लोकांचा काही गैरसमज झालाय. आता आमच्या घरी मराठीत हेच चालतं:

आईला शुभेच्छा! (हात वर)
बाबांना शुभेच्छा! (हात वर)
बिल ज्याने भरलं
त्याला डबल शुभेच्छा! (दोन उड्या)

मागे माझे सासरे भारतातून आले होते, बिल त्यांनीच भरलं होतं. ते उड्या मारणाऱ्यांत सगळ्यात आधी.

इंग्लंडमधली माझी भाचरं हॅपी बर्थडेला टोमॅटोचा लगदा वगैरे जोडून म्हणतात. तिथल्या शाळांतलं ते जुनंच आचरट रूप आहे, शिकवायला कुणी लागत नाही.

कडू_कारलं

सगळं छान चाललंय, पण केक तोंडाला फासण्याची पद्धत गाण्यातूनसुद्धा शिकवू नका राव. हल्ली लहान पोराचं डोकं धरून केकमध्ये दाबतात आणि वर हसतात. क्रीम डोळ्यात जातं. मोठ्या केकच्या थरांत काड्या खोचलेल्या असतात, त्या लागू शकतात.

आणि आजीला विकायचं गाणं भर समारंभात? आमच्याकडे तर महाभारत झालं असतं.

बालवाडीच्या बाई

कारल्याभाऊ, फासण्याबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणून तर बाबांचं नाक घेतलं. आणि टेकवायचं बोटाच्या टोकाने, तेही चिकूने. बाकी कुणी हात लावायचा नाही.

आजीचं म्हणाल तर आजीला आधी ऐकवायचं. आमच्या वर्गात स्नेहसंमेलनाला आज्या यायच्या, त्या स्वतःच 'मला विका, मला विका' करत पुढे. नाव गाण्यात आलं की कुणाला वाईट वाटत नाही. ज्यांचं येत नाही ते रुसतात. काका लोक विशेष.

पेटीमास्तर

नाकाची दुरुस्ती मान्य. बाई, तुमची चांदोबाची ओळ वजनात नाही, पण नाक दाबून बोलणार म्हणताय तर पेटी तिथे थांबवतो.

लिंबूसरबत

सगळ्यांचे मनापासून आभार! खिरीचं गाणं पक्कं. टेबलाखाली बसणारं पोर आमच्याही गटात आहे, तेव्हा फुगे आता नुसते भिंतीला, आणि 'ठो' तोंडाने. चिकूला पाय आपटून दाखवले तर खालच्या मजल्यावरून बेल वाजली, म्हणून सराव बंद केलाय.

विक्रीचं गाणं सासूबाईंना चहाच्या वेळी भीत भीत वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, विकायला माझी हरकत नाही, पण भाव केल्याशिवाय चंद्राला फोन लावायचा नाही. मग बशी खाली ठेवून त्यांनीच दोन ओळी घातल्या, 'लावतो फोन'च्या आधी:

आजी म्हणते, भाव तर बोल!
चिकू म्हणतो, एक ढोल!

'एक लाडू' सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, लाडवाला मी जाणार नाही. आता चिकूला खरोखरचा ढोल हवाय. शिवाय माझ्या आईचा फोन येऊन गेला, तिलाही गाण्यात घ्यायचंय आणि तिचा भाव ढोलापेक्षा जास्त हवाय. बाई, 'ताशा'ला जुळणारं काही आहे का?