पुढच्या साथीत टेस्टिंगचं धोरण सिम्युलेशनवरून ठरवावं का? (चर्चा)

कोडकर_कोथरूड
कोविडमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली असतील तर अँटिजेन की आरटीपीसीआर. टीव्हीवर रोज ओरडा, अमुक राज्य अँटिजेन करून आकडे लपवतंय वगैरे. यावर २०२१ मध्ये चेरियन, कृष्णा आणि मेनन या तिघांचा एक पेपर आला होता, मी आत्ता कुठे नीट वाचला. त्यांनी काँप्युटरात माणसांचं जाळं उभं केलं, त्यात साथ सोडली आणि वेगवेगळ्या पद्धतीने टेस्टिंग करून बघितलं, म्हणजेच सिम्युलेशन. निघालं असं की स्वस्त, लगेच रिपोर्ट देणारी पण थोडी कमी पकडणारी अँटिजेन टेस्ट भरपूर लोकांची केली तर आरटीपीसीआरच्या जवळपास जाणारा परिणाम मिळतो. अटी आहेत: टेस्ट अगदीच टुकार नको, बऱ्याच लोकसंख्येची व्हायला हवी, पॉझिटिव्ह माणूस खरंच वेगळा राहायला हवा आणि मास्क वगैरे चालू हवं.

कारण सोपं आहे. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागले तर तेवढ्यात तो माणूस बँकेत, भाजी मंडईत, सासुरवाडीला जाऊन आलेला असतो. वर आरटीपीसीआर आजार पसरवायचे दिवस संपल्यावरही कितीतरी दिवस पॉझिटिव्ह दाखवते. अमेरिकेत लॅरेमोर, मिना वगैरे संशोधकांनीही मॉडेल करून हेच सांगितलं होतं की टेस्ट किती वेळा करता आणि रिपोर्ट किती लवकर देता हे अचूकतेपेक्षा महत्त्वाचं.

माझं म्हणणं, हे सगळं आधी काँप्युटरात चालवून बघा आणि मग किट मागवा. खऱ्या शहरात एका वॉर्डात टेस्टिंग आणि शेजारच्यात नाही असा प्रयोग करणार आहात का तुम्ही?

वॉर्डातली_ताई
दादा, तिसरी अट परत वाचा. "खरंच वेगळा राहायला हवा". तुमच्या कोडमध्ये ती एक ओळ असेल, आमच्याकडे दहा बाय दहाची खोली, सहा माणसं आणि संडास गल्लीला मिळून एक. मी सर्व्हेला घरोघर फिरलेय, लोक टेस्टला घाबरत नव्हते, रिपोर्टला घाबरत होते. पॉझिटिव्ह आला की घरकाम सुटलं, रिक्षा बंद, शेजारी बोलेनासे. मग ताप आला की गोळी घ्यायची आणि गप बसायचं. हा माणूस तुमच्या जाळ्यात कुठे आहे? तो टेस्टला येतच नाही.

कोडकर_कोथरूड
ताई मान्य, पण तो माणूस घालता येतो हो. टीआयएफआर आणि आयआयएससी या संशोधन संस्थांच्या लोकांनी मुंबईचं मॉडेल केलं त्यात झोपडपट्टी आणि बिल्डिंग वेगळी धरली होती, लोकलची गर्दीसुद्धा होती. आणि जुलै २०२० च्या मुंबईच्या सेरो सर्व्हेत (रक्त तपासून आधी लागण झाली होती का ते बघणाऱ्या) तीन वॉर्डांत झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. एकाच वॉर्डात दोन वेगळ्या साथी चालू होत्या म्हणा ना. हा फरक घेऊन हिशोब करायला तोंडी आकडेमोड पुरणार आहे का?

शंकासुर
केसेसचा अंदाज सांगणारं ते सूत्र मॉडेल विसरलात वाटतं सगळे. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारी समितीने सांगितलं होतं की पीक होऊन गेला, काळजी घेतली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोपेल. एप्रिल २०२१ मध्ये काय झालं ते ज्यांनी ऑक्सिजन सिलिंडरसाठी फोन फिरवले त्यांना विचारा. आणि तुम्ही अजून काँप्युटरवर विश्वास ठेवा म्हणताय, धन्य आहे.

गणिताचा_मास्तर
@शंकासुर, राव दोन गोष्टींची मिसळ करू नका. सूत्र म्हणजे समीकरणं आणि आलेल्या केसेसना वक्र बसवून पुढचा अंदाज. इथे प्रश्न पुढच्या महिन्यात किती केसेस हा नाहीये, अ पद्धत बरी की ब पद्धत बरी हा आहे. आकडा चुकला तरी दोन पद्धतींची तुलना बरोबर निघू शकते.

पण मी कोडकरांच्याही बाजूने नाही. "भरपूर लोकांची टेस्ट" याचा हिशोब मांडा. दहा हजार लोक, त्यात १ टक्का म्हणजे १०० खरे बाधित. टेस्ट ७० टक्के बाधितांना पकडते आणि निरोगी माणसाला ९८ टक्के वेळा निगेटिव्ह म्हणते. मग खरे पॉझिटिव्ह ७०, आणि ९९०० निरोग्यांपैकी १९८ जण फुकटचे पॉझिटिव्ह. म्हणजे चारात जेमतेम एक जण खरा आजारी, बाकीच्यांचा रोजगार आपण उगाच बुडवला. साथ कमी असताना सरसकट टेस्टिंग केलं की हे होणारच, आणि हे कळायला सिम्युलेशन लागत नाही, दहावीचं गणित पुरतं.

कोडकर_कोथरूड
मास्तर, पॉझिटिव्ह आलेल्यांची दुसरी टेस्ट करायची, २६८ जणांची आरटीपीसीआर काही अवघड नाही. आणि दहावीचं गणित एका दिवसाचं चित्र देतं, ते ७० जण बाहेर राहिले असते तर दोन आठवड्यांनी किती झाले असते हे ते सांगत नाही.

अर्बाना_रिटर्न
मी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं उदाहरण देतो, दोन्ही पार्ट्यांना उपयोगी पडेल. २०२० च्या ऑगस्टमध्ये अर्बाना-शँपेनला कँपस उघडला, सगळ्यांची आठवड्यातून दोनदा लाळेची टेस्ट, तीही त्यांनी स्वतः तयार केलेली, आणि मागे गोल्डनफेल्डसारख्या फिजिक्सवाल्यांचं मॉडेल. पोरं पार्ट्या करणार, मास्क नीट लावणार नाहीत हे सगळं त्यात धरलं होतं. धरलं नव्हतं ते एवढंच की रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय हे माहीत असूनही काही जण पार्टीला जातील! केसेस अंदाजाच्या वर गेल्या, मग नियम कडक केले तेव्हा खाली आल्या.

शंकासुर
घ्या! फिजिक्सवाल्यांना वीस वर्षांची पोरं कळली नाहीत, आणि ते आपली चाळ मोजणार.

अर्बाना_रिटर्न
अहो पण मॉडेल होतं म्हणून तर गडबड कुठे आहे ते पटकन कळलं ना. नुसत्या केसेस वाढल्या असत्या तर टेस्टच खराब आहे म्हणून बोंब झाली असती.

वॉर्डातली_ताई
तिथे पोरांनी ऐकलं नाही तर विद्यापीठ काढून टाकू शकतं. इथे कोण कोणाला काढणार?

ब्रातिस्लाव्हाचा_बाळ्या
स्लोव्हाकियाचं कोणी कसं काढलं नाही? ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० ला जवळपास अख्ख्या देशाची अँटिजेन टेस्ट, ३६ लाखांच्या वर लोक, साधारण १ टक्का पॉझिटिव्ह. ज्या जिल्ह्यांत दोन फेऱ्या झाल्या तिथे आठवड्याभरात प्रमाण ५८ टक्क्यांनी घसरलं. पण त्याच सुमारास शाळा-हॉटेलंही बंद केली होती, मग श्रेय कोणाला? हे वेगळं करायला सिम्युलेशनच लागलं, आणि त्यातून आलं की नुसत्या निर्बंधांनी एवढी घट होत नाही, पॉझिटिव्ह माणसाबरोबर त्याच्या घरातल्यांनाही घरी बसवलं असं धरलं तरच आकडे जुळतात.

गणिताचा_मास्तर
आणि ज्याच्याकडे निगेटिव्ह सर्टिफिकेट नाही त्याला कामावर जायची बंदी होती हेही सांगा की. शिवाय हिवाळ्यात परत जोरदार लाट आलीच तिथे.

ब्रातिस्लाव्हाचा_बाळ्या
आली. दोन शनिवार-रविवार टेस्ट करून साथ कायमची जाते असं कोण म्हणलं?

वॉर्डातली_ताई
"घरातल्यांनाही घरी बसवलं" हे महत्त्वाचं आहे. सहा माणसं घरी बसवली तर चूल कशी पेटणार? कोडकर दादा, मला विरोध करायचाच आहे असं नाही. एक करा, तुमच्या त्या जाळ्यात किटचा खर्च धराल तसा घरी बसणाऱ्याला दिवसाची मजुरी देण्याचाही खर्च धरा. मजुरी दिली तर किती जण टेस्टला येतात, नाही दिली तर किती, दोन्ही चालवून दाखवा. मग मी वाचते तुमचा आलेख.

कोडकर_कोथरूड
कल्पना भारी आहे ताई, कोडमध्ये दोन ओळींचं काम. पण मजुरी दिल्यावर किती टक्के येतील हा आकडा मला कुठूनतरी मिळायला हवा, तो मी मनाने घातला तर मास्तर परत बोलणार.

गणिताचा_मास्तर
बोलणारच. तो आकडा ताईंच्या वहीतून यायला पाहिजे, आणि तिकडे अजून कोणी विचारायला गेलेलं नाही.

शंकासुर
गेले तरी मानधन मिळणार का ताईंना? ते धरा आधी मॉडेलमध्ये.